आधी लिखाण सोडवा, मग सिस्टिम बदला
घरचा संगणक : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण जुना संगणक मंद का होतो ते पाहिलं. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की बऱ्याच जणांचं काम भागतं, हेही पाहिलं. पण त्यापुढचा प्रश्न उरतोच. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. संगणक त्यामुळे बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर हा धोका महिन्यागणिक वाढत जातो. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते.

विंडोज ११ घ्यायचं तर यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. ‘कोअर आय-५ ७२००’ असं लिहिलेलं असेल तर तो ७ म्हणजे सातवी पिढी. यंत्र ठणठणीत असूनही बाद. ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर पोट आहे त्या संगणकावर हा प्रयोग करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग नवा संगणक घ्यायचा, नाहीतर जुन्यावर लिनक्स बसवायचं. लिनक्सचे अनेक अवतार आहेत. विंडोजची सवय असलेल्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो. ते मोफत आहे, कमी मेमरीत चालतं, आणि खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ अशी ओळखीची मांडणी आहे. ब्राउझर, मेल, व्हिडिओ, यूपीएससीच्या ऑनलाइन टेस्ट, वीजबिल यांत काही फरक पडत नाही. एवढंच काम असेल तर पुढचं न वाचता बदल करून टाकला तरी चालेल.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण मात्र निराळी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

१९९०च्या दशकापासून आपल्याकडचे छापखाने, पतसंस्था, शाळा, वकिलांची कार्यालयं श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या पॅकेजांवर मराठी टाइप करत आली. त्या काळच्या फाँटमध्ये ‘क’ म्हणून जे दिसतं, ते फाइलमध्ये भलत्याच एखाद्या चिन्हाच्या क्रमांकाने साठवलेलं असतं; फाँट त्याला फक्त ‘क’चा आकार देतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडा, पानभर अर्थहीन चिन्हं दिसतील. कुणाचा कुटुंबवृत्तान्त, कुणाच्या कविता, गृहनिर्माण संस्थेची वीस वर्षांची इतिवृत्तं अशा फाइलींत अडकून पडली आहेत. मला हे नुसतं तांत्रिक गैरसोयीचं वाटत नाही. हे आपलं लिखाण आहे, आणि ते एका पॅकेजच्या आयुष्यावर अवलंबून आहे.

म्हणून सिस्टिम बदलण्याआधी, जुनं विंडोज आणि त्यावरचं पॅकेज चालू आहे तोवर, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराचा क्रमांक सगळीकडे एकच असतो त्या पद्धतीत, आणून ठेवा. काही पॅकेजांना संगणकाला डाँगल लावलेलं लागतं. ते हरवलं की दार बंद. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांचं काम डोळे झाकून स्वीकारू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी, साठवलेली असते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे चुका नेमक्या तिथेच होतात: वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, ‘सर्व’चा रफार सरकतो, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ फुटतो. मूळ पानाची पीडीएफ काढून ठेवा आणि शेजारी लावून वाचा. वेळखाऊ काम आहे, पण ते एकदाच करावं लागतं.

एकदा लिखाण युनिकोडमध्ये आलं की लिनक्सवर मराठी अडत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही आहे, त्यामुळे बोटांची सवय मोडत नाही. लिब्रेऑफिस वर्डच्या फाइली उघडतं. तिथे एक गोष्ट त्रास देते: मंगल किंवा कोकिळासारखे विंडोजचे फाँट लिनक्समध्ये नसतात, त्यांच्या जागी दुसरा फाँट येतो आणि ओळी सरकून चार पानांचं पत्र पाच पानांचं होतं. नोटो किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्त फाँट ‘मुक्ता’ दोन्हीकडे बसवता येतो. आजपासूनच, विंडोजवर असतानाच, त्यात लिहायला लागा.

व्यवसायाच्या बाबतीत मी एवढा उत्साही नाही. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. पुस्तकं त्यात असतील तर निदान तो एक संगणक विंडोजवर राहू द्या. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल, तर लिनक्ससाठी त्याचं सॉफ्टवेअर आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारा. प्रिंटरचंही तसंच. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात. आपल्याकडे जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र बराच दमवतो. आणि पेजमेकर किंवा इनडिझाइनवर दिवाळी अंक लावणाऱ्याने फक्त हौसेखातर तिकडे जाऊ नये.

सरकारी पातळीवरचे दोन अनुभव इथे उपयोगी आहेत. केरळने सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि ते टिकलं. कारण पाठ्यपुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि सिस्टिम यांची सांगड घातली गेली. जर्मनीत म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो संगणक त्यावर नेले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परत फिरण्याचं ठरवलं. त्यामागे राजकारण किती आणि तंत्र किती, यावर आजही वाद आहे. बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण ही तिथली एक खरी डोकेदुखी होती. घरातही हेच तपासा: तुमच्या फाइली रोज कुणाकडे जातात, आणि ती माणसं त्या कशात उघडतात?

ठरवण्याआधी काहीही न पुसता लिनक्स चालवून पाहता येतं. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवा आणि संगणक त्यावरून सुरू करा. थोडं संथ चालेल, पण वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तिथेच कळतं. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती हाताशी नसेल आणि संगणकाने मागितली, तर तुमच्याच फाइली तुम्हाला उघडता येणार नाहीत. सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी, हे तर आहेच.

पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा, सुरू करताना कोणती कळ दाबायची आणि विंडोज तसंच ठेवून शेजारी मिंट कसं बसवायचं, ते पुढच्या लेखात.