कृष्णधवल गूढपटांच्या घरगुती आवृत्त्या : एक तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत गुन्हेगारी जगताचे, काळोख्या वातावरणाचे अनेक चित्रपट निर्माण झाले. युद्ध संपल्यावर ते फ्रान्समध्ये एकदम दाखल झाले, तेव्हा निनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ मध्ये त्यांना 'फिल्म न्वार' म्हणजे 'काळा चित्रपट' असे संबोधले. रात्रीचे शहर, दिव्यांचे तुटक झोत, चेहऱ्यावर पडलेली सावली आणि नैतिक संभ्रमात सापडलेली माणसे ही या चित्रपटांची ठळक वैशिष्ट्ये होत.

या शैलीचा प्रभाव मुंबईच्या चित्रपटसृष्टीवर लवकरच पडला. गुरुदत्त यांचे 'बाजी' (१९५१) व 'आर पार' (१९५४) आणि राज खोसला दिग्दर्शित 'सी. आय. डी.' (१९५६) ही त्याची ठळक उदाहरणे होत. यांपैकी नंतरच्या दोन्ही चित्रपटांचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे आहे. मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) या शैलीच्या जवळ जातो. त्याची कथा पुढे राज खोसला यांनीच 'मेरा साया' (१९६६) या रंगीत हिंदी चित्रपटातून मांडली.

हे चित्रपट मूळ फितीवर पाहावयास मिळणे आज दुर्मीळ झाले आहे. अध्यापक देगलूर, बिलोली वा उदगीरचा असो की पुण्या-मुंबईचा, त्याच्या हाती येते ती बहुधा घरगुती आवृत्ती : ध्वनिचित्रफीत, व्हीसीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे. या आवृत्त्या परस्परांहून कशा भिन्न असतात आणि त्या भिन्नतेचा अध्ययन-अध्यापनावर काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आवृत्ती आणि पाठभेद :
साहित्याच्या अभ्यासकाला पाठचिकित्सा नवीन नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्णत्वास नेले. कोणत्या पोथीचा पाठ स्वीकारला हे सांगितल्याशिवाय विवेचन ग्राह्य मानू नये, हा दंडक या परंपरेने घालून दिला. चित्रपटाविषयी लिहिताना मात्र केवळ नाव व वर्ष देऊन थांबण्याची प्रथा आहे. वस्तुतः चित्रपटातही पाठभेद असतात. ते प्रामुख्याने चित्राची सूक्ष्मता, गती, चौकट व संकलन या चार ठिकाणी आढळतात.

१. चित्राची सूक्ष्मता :
भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या व्हीसीडीवरील एका चित्रात ३५२ × २८८ म्हणजे सुमारे एक लक्ष बिंदू असतात. डीव्हीडीवर ७२० × ५७६ म्हणजे सुमारे चार लक्ष, तर ब्लू-रेवर १९२० × १०८० म्हणजे वीस लक्षांहून अधिक बिंदू असतात. याशिवाय तबकडीवर जागा मर्यादित असल्याने चित्राचे लहान चौकोनी भाग पाडून त्यांतील सूक्ष्म फरक गाळले जातात. काळोख्या भागातील फरक मुळातच सूक्ष्म असल्याने ही गाळणी तेथे प्रकर्षाने जाणवते. परिणामी भिंतीवरची फिकट सावली, कोटाची घडी, धुराचा थर हे सर्व एकाच काळ्या डागात विरून जाते किंवा तेथे चौकोनी ठिपके दिसू लागतात. प्रकाशमान विनोदी चित्रपटाची यात फारशी हानी होत नाही; गूढपटाचा मात्र आशयच बाधित होतो.

२. गती व लांबी :
चित्रपटगृहात प्रतिसेकंद २४ चित्रे सरकतात. पाल पद्धतीत ती सामान्यतः २५ केली जातात. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांत संपतो आणि आवाजात दुरुस्ती केलेली नसल्यास तो अर्ध्या स्वराहून काहीसा कमी चढतो. म्हणून लांबी कमी दिसली की कात्री लागली, असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. ३५ मिलिमीटरची फीत मिनिटाला ९० फूट सरकते. सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी १२,६०० फूट असेल, तर चित्रपट १४० मिनिटांचा ठरतो. पाल आवृत्ती १३४ मिनिटांची असल्यास तो केवळ गतीचा फरक होय. ती १२५ मिनिटांची असल्यास काही भाग गळाला आहे, असे समजावे. मात्र प्रमाणपत्र मूळ चित्रपटाचे की नंतरच्या व्हिडिओ आवृत्तीचे, हे त्यावरील दिनांकावरून पडताळणे आवश्यक आहे.

३. चौकट :
या काळातील बहुसंख्य चित्रपटांच्या चौकटीची रुंदी उंचीच्या १.३७ पट होती. जुन्या दूरदर्शन संचाचा पडदा (१.३३) तिच्याशी जवळपास जुळत असे. आजचा रुंद पडदा १.७८ पट असतो. तो भरून काढण्यासाठी चित्र ताणले की चेहरे आडवे फुगतात. वरखाली कापले तर चौकटीचा सुमारे २३ टक्के भाग नाहीसा होतो. छतावरचा दिवा आणि जमिनीवरची सावली यांवर अवलंबून असलेली रचना अशा वेळी टिकत नाही.

४. संकलनाचे पाठ :
याचे बोधप्रद उदाहरण ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) या चित्रपटाचे आहे. निर्मितीसंस्थेने संकलन बदलल्यावर वेल्स यांनी ५८ पृष्ठांचे टिपण पाठवून आपले आक्षेप नोंदविले. त्या टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्च यांनी १९९८ मध्ये चित्रपटाचे पुनर्संकलन केले. १९५८ च्या पाठात तीन मिनिटांहून दीर्घ अशा सलग आरंभदृश्यावर श्रेयनामावली व हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत होते. १९९८ च्या पाठात नामावली काढली गेली आणि रस्त्यावरील दुकाने-गाड्यांतून येणारे आवाज ऐकू येऊ लागले. २००८ च्या डीव्हीडी संचात तिन्ही उपलब्ध पाठ एकत्र देण्यात आले. या आरंभदृश्यातील ध्वनीविषयी केलेले कोणतेही विधान, पाठ न सांगता केल्यास, अर्धवट ठरते.

मूळ प्रतीचे महत्त्व :
अधिक बिंदूंची तबकडी नेहमीच श्रेष्ठ असते असे नाही. झिजलेल्या प्रतीवरून केलेल्या ब्लू-रेपेक्षा मूळ निगेटिव्हवरून केलेली डीव्हीडी अधिक विश्वसनीय असू शकते. म्हणून जतनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांचाही समावेश होता. एकदा मूळ प्रत गेली की हाती उरते ती घरगुती आवृत्ती, आणि तिचे दोष हेच चित्रपटाचे रूप ठरू लागते. आशादायक बाब अशी की, २०२५ मध्ये गुरुदत्त यांच्या जन्मशताब्दीनिमित्त 'प्यासा', 'आर पार' आदी चित्रपटांच्या दुरुस्त करून नव्याने तयार केलेल्या प्रती चित्रपटगृहांतून दाखविण्यात आल्या.

निष्कर्ष :
१) गूढपटात काळोख हा आशयाचा भाग असल्याने आवृत्तीतील तांत्रिक दोष थेट अर्थनिर्णयावर परिणाम करतात.
२) चित्रपटविषयक लेखनात आवृत्तीचा प्रकार, प्रकाशक, वर्ष व प्रत्यक्ष लांबी यांची नोंद अनिवार्य मानावी.
३) वर्गात शक्य तेथे एकच दृश्य दोन आवृत्त्यांतून दाखवावे. पाठभेद शिकविण्याचा तो सोपा मार्ग आहे.
४) नवी आवृत्ती आली म्हणून ग्रंथालयाने जुन्या तबकड्या मोडीत काढू नयेत, एखादे गीत वा दृश्य केवळ जुन्या आवृत्तीतच शिल्लक असण्याची शक्यता असते.

व्ही. के. मूर्ती यांना २००८ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार प्राप्त झाला. हा सन्मान मिळविणारे ते पहिले छायाचित्रकार होत. त्यांच्या छायाप्रकाशाचे मूल्यमापन एखाद्या सदोष तबकडीवरून करून ते सपाट वा धूसर ठरविले, तर तो कलावंतावर अन्याय होईल. तो टाळणे हे अभ्यासकाचे कर्तव्य असून, हाती असलेल्या आवृत्तीची तपासणी ही त्याची पहिली पायरी होय.