पोरक्यांचे पालक

१९९४ साली एप्रिलपासून जुलैपर्यंत रवांडा या आफ्रिकेतील डोंगराळ देशात वंशद्वेषाने जो संहार मांडला, त्यात आठ लाखांच्या आसपास माणसे प्राणांस मुकली, आणि मागे राहिलेल्या हजारो अनाथ बालकांसाठी मिशनऱ्यांनी, परदेशी दात्यांनी व स्थानिक सज्जनांनी जागोजाग अनाथालये उघडली. त्या प्रसंगी दुसरे काही सुचण्याजोगेही नव्हते. परंतु दुष्काळात उभारलेली छावणी पुढे कायमची वस्ती होऊन बसावी, तसे येथे झाले. संहारानंतर जन्मलेली मुलेही, पुष्कळदा केवळ दारिद्र्यापायी, त्याच दारांशी येऊ लागली, आणि २०१२च्या सुमारास ३३ संस्थांत तीन हजारांहून अधिक मुलांची नोंद सरकारदप्तरी झाली.

त्याच वर्षी मंत्रिमंडळाने ही अनाथालये क्रमाक्रमाने बंद करून मुलांस कुटुंबांत वसविण्याचे धोरण मंजूर केले, व पुढे युनिसेफच्या साह्याने ते अमलात आणले. हुकूम काढणे सोपे. घर शोधणे चिकाटीचे. प्रथम रक्ताच्या नातलगांचा तपास होतो, आणि आजी, मावशी, कधी प्रत्यक्ष आईच सापडते. तेथे उणीव मायेची नसते, औषधपाण्याची व शाळाखर्चाची असते, आणि ती वेळेवर मिळालेल्या मदतीने भागविता येते.

ज्यास कोणीच नाही, त्याच्यासाठी ‘मालायिका मुरिन्झी’, म्हणजे रक्षक देवदूत, या गौरवाच्या नावाने ओळखली जाणारी प्रतिपालक कुटुंबे असतात. अशा घराची खातरजमा करताना उत्पन्नाचा आकडा पाहून भागत नाही. शेजारी काय म्हणतात, घरच्या मुलांना नवे भावंड रुचेल काय, ते निजणार कोठे, आणि सकाळी शाळेत जाणार की पाण्याचा डबा घेऊन झऱ्यावर, हे सारे पाहून, मुलाची व कुटुंबाची ओळख मुरू देऊन, मगच त्यास हवाली करावयाचे असते. पुढील देखरेखीस प्रत्येक खेड्यात एक स्त्री व एक पुरुष असे दोन स्वयंसेवक नेमलेले आहेत. दूरच्या तपासनीसाच्या वार्षिक शेऱ्यापेक्षा रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याची नजर अधिक उपयोगी, असे मला वाटते.

विकलांग मुलांचा विचार मात्र या योजनेत मागाहून झाला, हे तिचे मोठे वैगुण्य होय.

आफ्रिकेतील एखाद्या अनाथालयासाठी देणगी मागणारे पत्रक वाचकांच्या हाती आले, तर तेथे खाटा किती, हे विचारण्याआधी गेल्या वर्षी तेथून किती मुले घरी पोहोचली, एवढे अवश्य विचारावे.