पुस्तक कोणत्या कपाटात?

गेल्या पावसाळ्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातील एका शाळेस भेट दिली असता पाचवीतील एका मुलीने पक्ष्यांविषयीचे पुस्तक मागितले. नोंदवहीत ते होते, शाळेतही होते. परंतु ते कोणत्या कपाटात आहे हे जाणणारे गुरुजी त्या दिवशी रजेवर होते. मुलगी रिकाम्या हाताने वर्गात परतली.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांतील चौथा. त्यासाठी काही मोठी ग्रंथालये आता संगणकीय सूचीस दालनाचा नकाशा जोडतात. वाचकाने पुस्तकाचे नाव लिहिले की वर्गांक मिळतो; ड्यूईच्या दशांश पद्धतीत पक्ष्यांचा वर्गांक ५९८ आहे. कोणते वर्गांक कोणत्या कपाटात, याचे कोष्टक आधीच भरलेले असल्याने पडद्यावरील नकाशात नेमके तेच कपाट रंगून दिसते. खरे काम कोष्टकाचे. नकाशा हे केवळ त्याचे चित्र होय.

आपल्या शाळांतून हे कोष्टक मोबाइलवरही ठेवता येईल. नकाशा मुलांकडूनच काढून घ्यावा. प्रमाणाचा आग्रह नको. दार, खिडकी व क्रमांक घातलेली कपाटे दाखविली की पुरे.

भिंतीस ओल आली की कपाटे हलविली जातात. कोष्टक त्याच दिवशी बदलावे; नकाशाने एकदा फसविलेले मूल पुन्हा त्याकडे पाहत नाही. हे काम एकट्या गुरुजींकडे न ठेवता वरच्या वर्गातील दोन मुलांस नेमून द्यावे.