चाराला एक

पेणहून नागोठण्याकडे जाताना रस्त्यालगतच्या एका मालकी रानात कोळशाची भट्टी लागली होती. मी थांबले ती वासामुळे. धूर आंबट होता, घशाला झोंबणारा.

लाकडं रचायची, पाला पसरायचा, ओल्या मातीनं लिंपून पेटवायचं. खरं काम त्यानंतरचं, रात्रंदिवस राखणीचं. एक कातकरी मावशी दांडा घेऊन भट्टीभोवती फिरत होत्या. धूर पांढरा असेतो लाकडातलं पाणी निघतंय. दाट, पिवळट झाला की लाकूड शिजतंय. निळा, विरळ दिसला की मातीतलं तिथलं भोक बुजवायचं, नाहीतर कोळशाची राख. बोलता बोलता एका बाजूची माती खचली. मावशींनी धावत जाऊन हातानंच चिखल थापला आणि पोराला आणखी एक घमेलं आणायला सांगितलं.

"चाराला एक," त्या म्हणाल्या. चार टन लाकडाला एक टन कोळसा, तोही भट्टी नीट लागली तर.

उरलेले तीन? बरंचसं पाणी, काही वायू आणि त्या आंबट धुरातलं असेटिक आम्ल, मिथेनॉल, डांबर. कर्नाटकातल्या भद्रावतीच्या लोखंड कारखान्यात शंभर वर्षांपूर्वी असाच धूर निववून ही रसायनं काढत. आता लाकडाचा भुगा हवेविना 500 अंशांवर क्षणभर तापवला तर वजनाच्या साठ-सत्तर टक्के तेल मिळतं. पण ते आम्लधर्मी, पाणीदार आणि साठवलं की घट्ट होणारं. म्हणून वाफा झिओलाइट या उत्प्रेरकावरून नेतात. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत ऑक्सिजन सुटतो, पेट्रोलच्या जातीचे रेणू उरतात. मात्र त्याच छिद्रांत कार्बन साचतो, तो जाळून काढावा लागतो आणि उतारा घटतो. तिथंही चाराला एक पदरात पडलं तर चांगलं म्हणायचं.

नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना आणि रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत इथून जवळ. उत्प्रेरक रोज हाताळणारी माणसं तिथं आहेत. धुराच्या रंगावरून लाकडाची अवस्था ओळखणारी इथं. या दोघांची गाठ पडावी असं मला मनापासून वाटतं. निदान हा धूर मावशींच्या छातीत तरी जाऊ नये.

मी त्यांना विचारलं, धूर नळीतून नेऊन गोळा केला तर?

"कोळसा कमी पडंल का, ताई?"

नुसती नळी बसवली तर नाही पडणार. तेलासाठी भुगा झटक्यात तापवायचा ठरला तर मात्र कोळसा आताच्या निम्म्याहून फार वर जात नाही. मावशींच्या घरानं पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि ती फिटते कोळशाच्या गोणींवर.