मूल सांभाळण्याचा खर्च आणि आयकर
घराचा हिशेब : लेखांक 7

गेल्या लेखांकात घरकर्जाच्या व्याजाची वजावट पाहिली. या आठवड्याचा खर्च त्याहून लहान असला, तरी दर महिन्याला न चुकता येणारा आहे: आईवडील दोघेही कामावर असताना मूल सांभाळण्याचा.

साजगाव खोपोलीला लागून आहे. एकीकडे कर्जतकडे जाणारी लोकल, दुसरीकडे ढेकूपर्यंत पसरलेले कारखाने. त्यामुळे इथल्या नोकरदार आईचा दिवस गाडीच्या नाहीतर पाळीच्या वेळेला बांधलेला असतो. कल्याण-ठाण्याला जाणारी बाई उजाडता उजाडता घर सोडते. तेव्हा अंगणवाडी उघडायला बराच अवकाश असतो, आणि दुपारी अंगणवाडी सुटते तेव्हा आई अजून मशीनवर किंवा ऑफिसात असते. मधले तास आजी निभावून नेते. आजी नसेल किंवा तिचेच हातपाय चालेनासे झाले असतील, तर आळीतल्या एखाद्या काकूंकडे मूल ठेवायचे आणि एक तारखेला पैसे त्यांच्या हातावर ठेवायचे. या पैशांवर सरकार करात काही सूट देते का?

थेट उत्तर द्यायचे तर नाही. आपला आयकर कायदा मुलाला शिकवण्याचा खर्च मानतो, सांभाळण्याचा मानत नाही. कलम 80सी खाली दोन मुलांपर्यंतची शिक्षण फी वजा होते आणि त्यात प्ले स्कूल, नर्सरीची फीसुद्धा धरता येते, असे आयकर खात्याच्या परिपत्रकांत स्पष्ट केलेले आहे. (2025च्या नव्या आयकर कायद्यात, म्हणजे 1 एप्रिल 2026पासून, हीच तरतूद कलम 123 मध्ये आहे.) पण त्याच मुलाला शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत जिथे ठेवतात, त्या पाळणाघराचे पैसे यात बसत नाहीत. सकाळचे तीन तास खर्च, आणि नंतरचे सहा तास आईबापांची खासगी बाब. मला हे पटत नाही. आई कामावर जाऊ शकते ती त्या सहा तासांमुळे, आणि तिच्या पगारावर सरकार कर लावते तोही त्यामुळेच.

शिवाय 80सीची एकूण मर्यादा दीड लाख. भविष्य निर्वाह निधी, विमा, घरकर्जाची मुद्दल हे सगळे त्याच दीड लाखात. आणि ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. 2023-24पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ही सोय नाही. नोकरदार बाईला करात वेगळी सवलत द्यावी हा विचार आपल्याकडे अगदीच नवा नाही. 2011-12पर्यंत स्त्रियांची करमुक्त मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त होती: त्या वर्षी पुरुषांना 1,80,000 आणि स्त्रियांना 1,90,000. पुढच्या वर्षी सगळ्यांना सरसकट दोन लाख झाले आणि हा फरक मिटला.

मग पाळणाघराच्या फीला वजावट द्या, अशी मागणी करावी का? आधी आकडे मांडून पाहू. समजा, महिन्याला 4,000 रुपये, म्हणजे वर्षाला 48,000 रुपये फी आहे आणि ती पूर्ण वजा होते. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह 14,976 रुपये वाचतील. 20 टक्क्यांवाल्याचे 9,984. पाच टक्क्यांवाल्याचे 2,496. ज्याला कर बसतच नाही, त्याचे शून्य. खर्च चौघांचाही तेवढाच, पण ज्याचा पगार मोठा त्याला मदत मोठी.

आता साजगावकडे वळू. 2025-26पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि पगारदाराची 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. ठेकेदाराकडे पॅकिंगला जाणारी बाई, दुकानात काम करणारी मुलगी, एवढेच कशाला, कारखान्यातला बहुतेक कायम कामगारही या रेषेच्या खालीच येतो. त्यांना वजावट कितीही दिली तरी हातात काही पडणार नाही. दुसरी अडचण पावतीची. काकू चार मुले सांभाळतात, पैसे रोख घेतात, पावतीपुस्तक ठेवत नाहीत. कागद नसेल तर आयकर खाते तो खर्च मानणार कसा?

यातून वाट कशी काढता येते, हे ब्रिटनमध्ये दिसते. तिथे 2017पासून आईवडिलांच्या नावाने एक ऑनलाइन खाते उघडतात. त्यात त्यांनी आठ पौंड भरले की सरकार दोन पौंड घालते, एका मुलामागे वर्षाला साधारण 2,000 पौंडांपर्यंत. तुम्ही आयकर किती भरता, यावर रक्कम ठरत नाही. अट एवढीच की, दोघेही ठरावीक किमान कमावते हवेत, कमाल मर्यादेच्या आत हवेत, आणि सांभाळणारी व्यक्ती नोंदणीकृत हवी. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे पावतीचा प्रश्न सुटतो आणि काकूंच्या कामाला दर्जाही मिळतो.

आपल्याकडे कमी पगाराच्या बाईपर्यंत खरोखर पोचलेली एक करसवलत आहे, ती राज्याची. महाराष्ट्रात 2023पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. आधी ही मर्यादा 10,000 होती. वर्षाला 2,500 रुपये वाचतात. आपली पगाराची पावती काढून पाहा. पगार या मर्यादेत असून ‘पी.टी.’पुढे 200 दिसत असतील, तर कार्यालयात विचारा.

मात्र खरा आधार करातून येणार नाही, जागेतून येईल. 2017च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ देण्याची सोय केली. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कलम आहे. तिच्यात अनेक आस्थापनांनी मिळून एकच सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभा आहे. ढेकू-साजगावसाठी हेच मला सर्वांत उपयोगी वाटते. पस्तीस-चाळीस कामगारांचा कारखाना कायद्यातून सुटतो, पण शेजारच्या मोठ्या कारखान्याच्या पाळणाघरात त्याने आपला वाटा घातला, तर त्याच्याही बायकांची सोय होईल. असा खर्च कामगार कल्याणाचा म्हणून धंद्याच्या खर्चात दाखवता येतो, म्हणजे करात सवलत मिळायची ती इथे मालकाला मिळतेच.

आणि ज्यांना ना कारखाना ना पगाराची पावती, त्यांचे काय? कर्जत-खालापुरातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. आई विटा थापते आणि तान्हे मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. सांभाळण्याची किंमत इथे त्या बहिणीची शाळा देते. तिला कोणत्याही वजावटीचा काही उपयोग नाही. अशाच मुलांसाठी मीरा महादेवन यांनी 1969मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवर पहिले फिरते पाळणाघर सुरू केले होते. आता केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते: सहा महिने ते सहा वर्षांची 25 मुले, दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस. अंगणवाडी उघडण्याआधीचे आणि सुटल्यानंतरचे, आईला अडवणारे तास त्यात बरेच भरून निघतात.

त्यासाठी मागणी गावातून जावी लागेल. पुढच्या ग्रामसभेत सहा वर्षांखालची किती मुले आई कामावर असताना कोणाकडे असतात, याची वाडी-वस्तीसह यादी करून घ्या, ठराव करा आणि तो एकात्मिक बाल विकास प्रकल्पाच्या तालुका कार्यालयात पोच घेऊन द्या. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची नावे यादीतून गळू देऊ नका. ती गावात नसतात तेव्हाच त्यांच्या मुलांना पाळणाघर सर्वांत जास्त लागते, म्हणून भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे त्या ग्रामपंचायतीलाही ठरावाची प्रत पाठवा.