मोत्या हिशेब ठेवत नाही

कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला तुम्ही गेलात आणि पाच मिनिटांत परत आलात. घरात कुणाचं लक्षही नाही. एकटा मोत्या मात्र दाराशी असा नाचतो, की जणू तुम्ही काशीयात्रा करून आलात! बरं, सकाळीच पायपुसणं फाडल्याबद्दल त्याला तुम्ही चांगलं झापलेलं असतं. त्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडायचा नाही. आणि आपण? जाऊबाईंचा एक शब्द तीन दिवस मनात घोळवतो.

पण म्हणून तो विसराळू आहे असं समजू नका हं. २०१६ साली हंगेरीतल्या संशोधकांनी १७ कुत्र्यांवर एक प्रयोग केला. मालकाने केलेली एखादी साधी कृती, जी लक्षात ठेव असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ती अचानक विचारल्यावर त्यांनी करून दाखवली. काहींनी तर तासाभरानंतरही. तेव्हा आठवण असते. काठी उगारणारे काका कोण नि पोळी टाकणाऱ्या वहिनी कोण, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. फक्त त्या आठवणीचा रवंथ करत तो बसलेला दिसत नाही, एवढंच.

इथे पुष्कळ घरांत एक घोटाळा होतो. आपण बाहेरून येतो, उशीचा कापूस घरभर झालेला असतो, आणि मोत्या कान पाडून, मान वळवून बसलेला. ‘बघा, केलं ते कळतंय त्याला!’ असं म्हणत आपण दोन रट्टे देतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या बाईंनी २००९ साली याचाच छडा लावला. मालकाने ‘खाऊ नकोस’ असं बजावून खोलीबाहेर जायचं. मग कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे त्याला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. दिसलं असं, की तो ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हताच, मालकाच्या रागावण्यावर होता. उलट, न खाताच बोलणी बसलेल्या बिचाऱ्यांचे चेहरे जास्त पडलेले! तेव्हा उशी फाडताना पकडलात तर जरूर दटावा. तासाभराने आलात तर मुकाट्याने कापूस गोळा करा. त्या वेळच्या माराचा उशीशी संबंध त्याला लागत नाही. ‘बाई घरी आल्या की मार बसतो’, एवढंच तो शिकेल.

हौसेने कुत्रा आणतात मुलं आणि फिरवायचा आपण, हे तर घरोघरी चालतंच. पण फिरवायचंच आहे तर खांबाशी थांबल्यावर पट्टा ओढून त्याला फरफटवू नका. त्याचं जग नाकात असतं. दोन मिनिटं हुंगू द्या. तेवढ्यात आपलाही श्वास जरा मोकळा होतो.

जपानमधल्या संशोधकांना २०१५ साली आणखी एक गंमत आढळली. कुत्रा आणि मालक बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. बाळाला अंगावर पाजताना आईच्या शरीरात स्रवतं, तेच हे. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र हे दिसलं नाही.

या साध्या स्वभावाची दुसरी बाजूही असते. मे महिन्यात तुम्ही आठ दिवस माहेरी निघालात, तर ‘येते रे’ म्हणून त्याला समजावता येत नाही. म्हणून त्याच्या ओळखीच्या कुणाकडे आधी एक-दोनदा ठेवून बघा. एकदम नव्या घरी सोडून जाऊ नका. दुखलं-खुपलं तरी तो सांगत नाही. जेवण टाकलं, कोपरा धरला, हाकेला नुसती शेपटी हलवली आणि उठला नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.