स्टेअरिंग धरता आलं म्हणजे झालं?

व्यावसायिक गाड्यांच्या ड्रायव्हरसाठी असलेली आठवी पासची अट केंद्र सरकारनं २०१९ मध्ये काढून टाकली. ‘ज्याला दुसरं काही जमत नाही तो ट्रकवर जातो’ या जुन्या समजुतीवर जणू सरकारी शिक्काच बसला. पण गेला तो फक्त शाळेचा दाखला. बाकीच्या पायऱ्या होत्या तिथंच आहेत. वय वीस पूर्ण लागतं. ट्रकचं शिकाऊ लायसन्स मागण्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स निदान वर्षभर हातात असावं लागतं. डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो. एवढं करून मिळणारं लायसन्स पाच वर्षांचं.

पेट्रोल, गॅस, रसायनं भरलेल्या टँकरला तर अक्षरओळखीवाचून सुटकाच नाही. बेंगळुरूबाहेर देवनगोंदीच्या इंधन डेपोवरून निघणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरला कुठलीतरी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते, तीन दिवसांचा वेगळा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नोंद तीनच वर्षं चालते, मग पुन्हा उजळणी. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं. गळती झाली तर काय करायचं आणि आग लागली तर काय मारायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. ते वाचायला ऐनवेळी मालक येत नाही.

दुसरा गैरसमज ताजा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला आणि ‘आता कारच्या लायसन्सवर ट्रक चालतो’ अशी हवा पसरली. निकाल एवढाच आहे की ज्या मालवाहू गाडीचं मालासकट एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत आहे, ती हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे बेंगळुरूतल्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गल्लोगल्ली फिरणारे छोटा हत्ती आणि पिकअप त्यात आले. दहा चाकी त्यात आला नाही. त्याचं एकूण वजनच साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जातं.

आता कामाकडे येऊ. ‘ड्रायव्हरचं काम काय, तर गाडी चालवणं’ हा सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज. पुण्यातल्या भोसरीहून यंत्रांचे सुटे भाग भरून पीण्याला निघालेली गाडी घ्या. चाक फिरायच्या आधी ड्रायव्हर टॉमी घेऊन एकेक टायर ठोकून आवाज ऐकतो. मागच्या जोडटायरांपैकी आतला बसला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, आवाजावरून कळतो. हवेच्या टाकीतलं पाणी सोडायचं. ऑइल, कूलंट बघायचं. गाडी बीएस-६ असेल तर डिझेलशिवाय ‘युरिया’ची वेगळी टाकी असते, ती संपली की इंजिन ताकद कमी करून टाकतं आणि भरलेली गाडी चढावर रडायला लागते. माल कुठल्या धुऱ्यावर किती बसला, ताडपत्री आणि रस्सा कसा आवळला, हेही त्यालाच बघावं लागतं. माल सरकला तर पहिल्या वळणावर जाब त्यालाच द्यावा लागतो.

मग कागद. बिल्टी, काट्याची पावती, विमा, परमिट, पीयूसी आणि ई-वे बिल. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत चढवला तर ई-वे बिलावर नव्या गाडीचा नंबर चढवून घ्यावा लागतो. फोन करून ते करवून घेणाराही ड्रायव्हरच. (सोलापूरहून बेंगळुरूच्या यशवंतपूर यार्डात कांदा नेणाऱ्याला ई-वे बिलाची कटकट नाही, पण त्याला ताडपत्री अशी बांधावी लागते की पाऊस आत जाऊ नये आणि वारा मात्र खेळावा. कोंडलेला कांदा घाम धरतो, आणि यार्डात भाव पडतो.) माल उतरला की पोच पावतीवर सही-शिक्का घ्यायचा. ती हरवली तर भाड्याचे उरलेले पैसे अडकतात.

ज्या एका गैरसमजानं माणसं मरतात, तो खुद्द ड्रायव्हरांमध्येच आहे: उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की डिझेल वाचतं. बेंगळुरूहून पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका जड वाहनानं समोरच्या डझनावारी गाड्यांना उडवलं. उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं प्राथमिक तपासात पुढं आलं होतं. लोक म्हणतात ‘ब्रेक फेल झाला’. बहुतेकदा ब्रेक आपोआप फेल होत नाही, तो केला जातो. गिअर काढला की इंजिनची ओढ गेली, सगळा भार ब्रेकवर आला. वीस-पंचवीस टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर सतत धरली की ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. त्यात इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे हवा भरायची थांबली. टाकीतली हवा पार संपली तर गाडी मोकाट सुटते असंही अनेकांना वाटतं. ते उलट आहे. आजच्या ट्रकांत हवा गेली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक स्वतःहून आवळतात. घात हवेनं होत नाही, तापण्यानं होतो. घाट ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे. आणि आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना, अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असला की, डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला मात्र डिझेल लागतं. म्हणजे बचतही खोटी.

‘रात्रंदिवस गाडी हाणायची त्यांना हौसच असते’ हे वाक्यही ऐकू येतं. पुणे ते बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर. थांबे वगळून सरासरी ताशी ४० धरली तर २१ तासांचं ड्रायव्हिंग. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. त्या हिशेबानं गाडी तिसऱ्या दिवशी पोचायला हवी. ई-वे बिल दर २०० किलोमीटरला एक दिवस देतं, म्हणजे इथं पाच दिवस. कायद्याला घाई नाही. घाई माल पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आहे, आणि खेपेवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला ती नाकारता येत नाही. त्यात बेंगळुरू शहरात दिवसा जड वाहनांवर निर्बंध आहेत. सकाळी उशीर झाला तर नेलमंगलाजवळ दिवस काढायचा आणि रात्री शहरात शिरायचं. दिवसा तापलेल्या केबिनमध्ये झोप लागत नाही, रात्री जागायचं. नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ती २०२५ मध्ये. रस्त्यावर धावणारे बहुतेक ट्रक त्याआधीचे आहेत.

जास्त माल भरण्याचा निर्णयही क्वचितच ड्रायव्हरचा असतो. दंड २० हजार आणि वर दर टनाला २ हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. उन्हात उभा मात्र ड्रायव्हर राहतो.

अपघातानंतर ‘ट्रकवाला पळाला’ ही बातमी नेहमीची. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानुसार जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर आहे. जमावाच्या रोषामुळं ते शक्य नसेल तर तेवढी सूट त्याच कलमात आहे, पण पोलिसांना कळवावंच लागतं. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेतल्या एका कलमाविरुद्ध ट्रकवाल्यांनी संप केला तेव्हा ‘अपघात झाला की दहा वर्षं आत’ असं अनेक ड्रायव्हर धरून चालले होते. ते कलम पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यासाठी लिहिलेलं होतं. १ जुलै २०२४ ला ही संहिता अमलात आली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं.

हे काम बाईचं नाही, या समजुतीला नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी पुरेशा आहेत. वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेऊन त्या वर्षानुवर्षं आंतरराज्य ट्रक चालवत आल्या. अडचण ताकदीची नाही, वाटेत स्वच्छतागृह आणि सुरक्षित थांबा मिळण्याची आहे.

मग हे सगळं शिकायचं कुठं? २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तिथं पास झालेल्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. भोसरीतल्या केंद्रीय रस्ता परिवहन संस्थेच्या आवारातही ड्रायव्हिंग प्रशिक्षणाची संस्था आहे. पण आजवर बहुतेक ड्रायव्हर शिकले ते क्लीनर म्हणून. दोन-चार वर्षं टायर बदलणं, रस्सा आवळणं, रिव्हर्सला मागून ‘आने दो’ म्हणणं, मग रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद थोडं स्टेअरिंग द्यायचा. आता क्लीनरचा भत्ता परवडत नाही म्हणून कित्येक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. वीस वर्षांचा पोरगा आज लायसन्स घेऊन आला, तर त्याला खंबाटकी घाटाच्या उतारावर कुठला गिअर टाकायचा ते सांगायला शेजारच्या सीटवर कोणी बसलेलं नसतं.